'लेडी बी गुड' : वाळवंटात सापडलेलं विमान आणि त्याची नऊ माणसं (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

दुसऱ्या महायुद्धातल्या या विमानाचा विषय निघाला की प्रश्न ठरलेले असतात. 'भुताचं विमान' या नावाने फिरणारे व्हिडिओ आणि फॉरवर्ड यांनी त्यात भरच घातली आहे. म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवतो आहे. काही लांब आहेत, काही एका ओळीची. जिथे गोष्ट खरंच खोल आहे तिथे थांबलो आहे.

झालं काय ते आधी थोडक्यात सांगा.

४ एप्रिल १९४३ रोजी लिबियातल्या सोलुक इथल्या धावपट्टीवरून अमेरिकेचं एक बॉम्बफेकी विमान इटलीतल्या नेपल्सकडे निघालं. परतताना रात्री ते आपल्याच तळावरून पुढे निघून गेलं आणि वाळवंटात आत आत जात राहिलं. इंधन संपत आल्यावर नऊही जणांनी पॅराशूटने उड्या मारल्या. विमान समुद्रात पडलं असं सगळ्यांनी धरून चाललं. पंधरा वर्षांनी तेल शोधणाऱ्यांना ते वाळवंटाच्या मध्यावर, बऱ्यापैकी धड अवस्थेत दिसलं. आत एकही माणूस नव्हता. माणसं कुठे गेली याचं उत्तर मिळायला १९६० उजाडलं, आणि तेही पूर्ण मिळालं नाही.

विमान कोणतं होतं?

कॉन्सॉलिडेटेड कंपनीचं बी-२४डी, म्हणजे लिबरेटर. चार इंजिनं, पंखांचा पसारा ११० फूट, शेपटीला दोन उभी पाती. युद्धकाळात अशी १८ हजारांहून जास्त विमानं बनली. या विमानाचा क्रमांक ४१-२४३०१, आणि नाकाजवळ रंगवलेलं नाव 'लेडी बी गुड'. ते ३७६व्या बॉम्बर्डमेंट ग्रुपच्या ५१४व्या स्क्वाड्रनचं होतं.

पुण्याच्या जुन्या लोकांना लिबरेटर अगदीच परका नाही. युद्ध संपल्यावर कानपूरला टाकून दिलेली लिबरेटर विमानं हिंदुस्थान एअरक्राफ्टने दुरुस्त केली आणि भारतीय हवाई दलाने ती १९६८ पर्यंत वापरली. समुद्रावर टेहळणी करणारी त्यांची एक तुकडी पुण्यात लोहगावला होती. आज इंग्लंड-अमेरिकेच्या संग्रहालयांत जी मोजकी लिबरेटर उभी आहेत, त्यांतली काही आपल्याकडूनच गेलेली आहेत. बाकी जगाने ती भंगारात घातली तेव्हा ती आपल्याकडे उडत होती.

विमानात कोण कोण होतं?

वैमानिक विल्यम हॅटन, सहवैमानिक रॉबर्ट टोनर, मार्ग काढणारे नॅव्हिगेटर डी. पी. हेज, बॉम्ब टाकणारे जॉन वोराव्का. हे चौघे अधिकारी. त्यांच्या हाताखाली फ्लाइट इंजिनिअर हॅरॉल्ड रिप्सलिंगर, रेडिओवाले रॉबर्ट लामॉट आणि मशीनगनवर गाय शेली, व्हर्नन मूर, सॅम्युअल अ‍ॅडम्स.

ही माणसं लिबियात येऊन जेमतेम दोन-तीन आठवडे झाले होते. एक पथक म्हणून ही त्यांची पहिलीच लढाऊ मोहीम. विमानही मार्चच्या शेवटी तळावर दाखल झालेलं, नवं कोरं. पुढचं सगळं वाचताना हे ध्यानात असू द्या. मुरलेल्या पथकाला पाचव्या-सहाव्या खेपेला जे अंगवळणी पडतं, ते यांना शिकायला वेळच मिळाला नाही.

मोहीम काय होती आणि ती फसली का?

नेपल्सच्या बंदरावर दोन टप्प्यांत हल्ला करायचा होता, एकूण २५ विमानांनी. 'लेडी बी गुड' दुसऱ्या टप्प्यात होतं. उड्डाणाच्या वेळी धुळीचं वादळ उठलं. वाळू इंजिनात गेली की इंजिन गचके खातं, म्हणून दुसऱ्या टप्प्यातली नऊ विमानं तळावर परतली. चार पुढे गेली, त्यांत हे एक. वाऱ्या-धुळीत ते इतरांपासून सुटलं ते सुटलंच. संध्याकाळी आठच्या सुमाराला नेपल्सजवळ पोचेपर्यंत अंधार पडला होता, लक्ष्य दिसेना. चारपैकी दोन विमानांनी परतीच्या वाटेवर दुसऱ्या लक्ष्यावर बॉम्ब टाकले, दोन विमानांनी वजन कमी करायला ते भूमध्य समुद्रात सोडून दिले.

म्हणजे ज्या कामासाठी निघाले ते झालंच नाही.

रेडिओ होता, यंत्रं होती. मग रस्ता चुकला कसा?

सगळ्यात जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि गोष्टीची मेखही इथेच आहे.

रात्री १२ वाजून १२ मिनिटांनी विमानातून संदेश आला की आमची दिशा सांगा. बेंगाझीजवळच्या बेनिना इथे दिशा शोधणारं रेडिओ केंद्र होतं. त्यांनी यंत्र फिरवून पाहिलं आणि उत्तर दिलं : ३३० अंश. म्हणजे वायव्येला, समुद्राच्या बाजूला. विमान इटलीहून, त्याच बाजूने यायचं होतं. त्यामुळे कुणाला शंका यायचं कारणच नव्हतं.

आता या यंत्राचं दुखणं. त्या साध्या गोल अँटेनाला आवाज कोणत्या रेषेवरून येतोय ते कळायचं, पण रेषेच्या कोणत्या टोकाकडून ते कळायचं नाही. अंधारात रेल्वे फाटकापाशी उभे आहात आणि एकाच कानाने ऐकू येतंय अशी कल्पना करा. शिट्टी वाजली. गाडी रुळांवरच आहे एवढं नक्की. पण ती मुंबईच्या अंगाला आहे की पुण्याच्या, हे कोण सांगणार? ३३० अंशांच्या रेषेचं दुसरं टोक १५० अंश, म्हणजे आग्नेयेला, थेट वाळवंटात. विमान त्या टोकाला असतं तरी यंत्राने तोच आकडा दाखवला असता.

आकडेमोड करून पाहा. उड्या मारल्या रात्री दोनच्या सुमाराला, तळाच्या दक्षिणेला चारशेहून जास्त मैलांवर. लिबरेटरचा प्रवासाचा वेग ताशी दोनशे मैलांच्या जरा वर, आणि परतताना वारा पाठीशी होता असं अभ्यासक मानतात. दोन वाजल्यापासून मागे मोजत गेलं की १२:१२ ला विमान तळाच्या अगदी जवळ तरी येतं किंवा तळ ओलांडून पुढे तरी. त्यांच्या हिशेबाने मात्र समुद्र संपायला अजून अवकाश होता. केंद्राचं उत्तर ऐकून त्यांचा हिशेब पक्का झाला, आणि ते सरळ जात राहिले.

तळावर विमानाचा आवाज डोक्यावरून गेलेला ऐकू आला, वर प्रकाशगोळे सोडले, पण ते कुणाला दिसले नाहीत, असंही सांगितलं जातं.

खाली पाणी आहे की वाळू, एवढं तरी कळायला नको?

दिवसा हो. पण ती रात्र अमावास्येची होती. पंचांग काढून बघा, आपल्याकडे गुढीपाडवा एक-दोन दिवसांवर आला होता. युद्धामुळे किनाऱ्यावर दिवे नाहीत. काही हजार फुटांवरून नुसत्या चांदण्यांच्या उजेडात समुद्र आणि सपाट वाळवंट सारखेच काळे दिसतात. विमानात पॅराशूट सापडले नाहीत तशी तरंगायची जॅकेटंही सापडली नाहीत. ती नंतर वाळूत मिळाली. आपण पाण्यात पडणार आहोत याची तयारी करूनच माणसं उतरली होती, असा त्याचा अर्थ लावतात आणि तो मला पटतो. पाय वाळूला लागले तेव्हा त्यांना काय वाटलं असेल? बहुधा सुटकेचा निःश्वास. किनारा गाठला की आपण!

मग त्यांचा शोध घेतला नाही का?

घेतला, पण भूमध्य समुद्रावर. वाळवंटात इतक्या आत कुणी बघायचा प्रश्नच नव्हता. बेपत्ता, बहुधा समुद्रात, अशी नोंद झाली आणि युद्ध पुढे गेलं.

विमान सापडलं कसं?

१९५८ मध्ये लिबियात तेल शोधणं जोरात होतं. त्या वर्षी मे आणि जूनमध्ये वरून उडणाऱ्यांना हे विमान दिसलं, नोव्हेंबरमध्ये तेलवाल्यांनी पुन्हा पाहिलं. जमिनीवरून प्रत्यक्ष विमानापाशी माणसं पोचली फेब्रुवारी १९५९ मध्ये. ती डार्सी ऑइल कंपनीची, म्हणजे आजच्या ब्रिटिश पेट्रोलियमच्या कुळातली. जागा कुफ्रा मरूद्यानाच्या उत्तरेला, कलांशोच्या वाळूसमुद्राजवळच्या खडीच्या सपाट पठारावर. सोलुकपासून सुमारे ७१० किलोमीटर आत. पुणे ते नागपूर रस्त्याने जा, जवळपास तेवढं. फक्त मध्ये एकही गाव नाही, एकही विहीर नाही.

थर्मासमधली कॉफी पिण्यासारखी होती, हे खरं की थाप?

खरं मानायला हरकत नाही. तिथे पोचलेल्यांनी सांगितलं ते असं : मशीनगन चालत होत्या, रेडिओ चालला, पाणी आणि खाणं शिल्लक होतं, थर्मासमधलं पेय पिण्याजोगं होतं. यात चमत्कार काही नाही. पाऊस जवळपास नाही, दमट हवा नाही, गंज नाही, वाळवी नाही, चोरही नाहीत. आपल्या कोकणात पंधरा वर्षांत विमानावर वेली चढल्या असत्या आणि अर्धा पत्रा कुणाच्या तरी गोठ्यावर गेला असता.

पण माणसांशिवाय विमान उतरलं कसं?

आपोआप, पोटावर घसरत. तीन इंजिनं बंद पडलेली होती, चौथं जमिनीला टेकेपर्यंत चालू होतं. वजन हलकं झालेलं विमान हळूहळू खाली येत गेलं. खाली जमीन टेबलासारखी सपाट होती. धड मागच्या बाजूला मोडलं, बाकी आकार शाबूत राहिला. माणसांनी उडी मारल्यानंतर ते साधारण १६ मैल, म्हणजे २६ किलोमीटर, पुढे गेलं होतं. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे त्याच्याकडे परत यायचं आहे.

माणसांचं काय झालं, हे कळलं कशावरून?

टोनरच्या खिशातल्या छोट्या डायरीवरून. रिप्सलिंगरकडेही डायरी होती.

टोनरच्या नोंदी अगदी तुटक आहेत. दिवसाला दोन-चार ओळी. पहिल्या नोंदीत तो लिहितो की नेपल्स, २८ विमानं (अधिकृत आकडा २५, गडबड तिथूनच), परतताना वाट चुकलो, इंधन संपलं, उडी मारली, रात्री दोन वाजता वाळवंटात उतरलो. कुणाला फार लागलेलं नाही. जॉन सापडत नाही, बाकी सगळे आहेत.

जॉन म्हणजे वोराव्का. आठ जण अंधारात एकमेकांना शोधत एकत्र आले, नववा आलाच नाही. दुसऱ्या दिवशी वायव्येकडे चालायला सुरुवात, 'अजून जॉन नाही'. थोडं खाणं, अर्धी बाटली पाणी, दिवसाला एक झाकणभर. रात्री कडाक्याची थंडी, झोप नाही.

६ एप्रिलला साडेअकराला थांबले. ऊन कडक, वारा पडलेला, दुपार नरकात काढली असं तो लिहितो. संध्याकाळी पाचपर्यंत पडून राहिले, मग रात्रभर चालणं : पंधरा मिनिटं चाल, पाच मिनिटं विसावा. दुसऱ्या दिवशीही हाच क्रम. ७ तारखेला सगळे अशक्त होत चाललेले, सतत प्रार्थना. ८ तारखेला वाळूच्या टेकड्या लागल्या. वारा होता पण सारखी वाळू उडवणारा. लामॉटचे डोळे गेले, बाकीच्यांचेही वाईट. सॅम आणि मूर आता संपले असं वाटलं.

९ तारखेला शेली, रिप्सलिंगर आणि मूर मदत आणायला पुढे निघाले. पाच जण मागे थांबले, चालणं शक्यच नव्हतं. 'सगळ्यांना मरावंसं वाटतंय.' एक पॅराशूट तेवढं उरलेलं, पांघरायला तेच. रात्रीचं तापमान त्याने ३५ लिहिलं आहे, ते फॅरनहाइट. आपल्या मोजमापात दोन अंशांच्याही खाली. १० तारखेला दोन-चार पक्षी दिसले. ११ तारखेला लिहितो की पाणी असतं तर अजून निभावलं असतं, आता जिभेला लावण्यापुरतंच उरलंय, लवकरच मदत येईल अशी आशा आहे. १२ एप्रिल, सोमवार : अजून मदत नाही, रात्र फार थंड.

त्यानंतर नोंद नाही.

अमावास्येला उडी मारलेली ही माणसं, आणि ही शेवटची नोंद लिहिली गेली तोवर आकाशात अष्टमीच्या आसपासचा चंद्र आला होता. पहिल्या रात्री असा उजेड असता तर पुष्कळ गोष्टी वेगळ्या झाल्या असत्या. पण हे झालं माझं मनातलं.

अर्धी बाटली म्हणजे किती पाणी?

अमेरिकी सैनिकाची पाण्याची बाटली साधारण एक लिटरची. तेव्हा अर्धा लिटर पाणी, माणसं आठ, दिवस आठ. आपण रेल्वेत पाण्याची छोटी बाटली घेतो ना, तेवढं.

किती चालली ही माणसं?

पाच जण ज्या जागी थांबले ती जागा उडी मारल्यापासून सुमारे ८० मैलांवर, म्हणजे १३० किलोमीटरच्या आसपास. पुण्याहून निघून सातारा मागे टाकण्याइतकं. तिघे त्याच्याही पुढे गेले, उंच वाळूच्या टेकड्या चढत-उतरत. शेली आणि रिप्सलिंगर यांनी तिथून आणखी वीस-पंचवीस मैल कापले. तोपर्यंत वाळवंटात पाण्याशिवाय माणूस तीस-एक मैलांपलीकडे जाऊ शकत नाही, असा जाणकारांचा ठोकताळा होता. या आठ जणांनी तो मोडीत काढला. वर्तमानपत्रं विमानाबद्दल रकाने भरतात. मला विचाराल तर खरी नवलाची गोष्ट विमान नाही, ही चाल आहे.

ते विमानाकडेच का गेले नाहीत? तिथे पाणी होतं, रेडिओ होता!

आता त्या १६ मैलांकडे येऊ. विमान त्यांच्या दक्षिणेला होतं, एका रात्रीच्या चालीवर. ते चालले वायव्येला, नेमके पाठ करून.

आपण नकाशा समोर ठेवून बोलतो, म्हणून आपल्याला हे वेडेपणाचं वाटतं. त्यांच्या डोक्यातला नकाशा वेगळा होता. त्यांची समजूत अशी की आपण किनारा जेमतेम ओलांडलाय, समुद्र आणि तळ उत्तरेला पाच-पन्नास मैलांवर असेल. विमान कुठे पडलं याचा पत्ता नाही, पडलं तर चक्काचूर होऊन जळालं असणार, आणि गेलं ते उलट दिशेला, वाळवंटात. अशा वेळी शहाणा माणूस काय करील? किनाऱ्याकडे चालेल. त्यांनी तेच केलं. उन्हात पडून राहायचं, रात्री चालायचं, पाणी मोजून प्यायचं, एकत्र राहायचं, मागून येणाऱ्यांसाठी खुणा ठेवायच्या. बूट आणि पॅराशूटचे तुकडे बाणाच्या आकारात मांडून त्यावर दगड ठेवलेले १९५९ मध्ये शोधपथकाला सापडले. यातलं एकही पाऊल चुकीचं नाही. चूक फक्त पहिल्या गृहीतात होती, ती सुद्धा जमिनीवर झालेली नव्हती, वर आकाशात झालेली होती. पुढचा सगळा शहाणपणा त्या एका चुकीच्या पायावर रचला गेला.

विमान सापडलं असतं तर वाचले असते का? पाणी मिळालं असतं, दिवस वाढले असते. रेडिओवरून कुणाला ऐकू गेलं असतं तरच सुटका होती, आणि ते 'तर' बरंच मोठं आहे.

सगळे सापडले का?

नऊपैकी आठ. १९५९ मध्ये अमेरिकी लष्कराच्या पथकाने महिनोन्‌महिने शोधलं. बाणाच्या खुणा सापडल्या, सामान सापडलं, माणूस एकही नाही. वाळूसमुद्राच्या काठापर्यंत खुणा गेल्या आणि तिथे थांबल्या. टेकड्यांनी मृतदेह झाकले असावेत, असं म्हणून काम आवरतं घेतलं. ठोकताळ्याने घात केला तो इथे : माणसं इतकी पुढे गेली असतील असं कुणाला वाटलंच नाही.

११ फेब्रुवारी १९६० रोजी तेलवाल्यांना वाळूसमुद्रात पाच जण एकत्र सापडले. हॅटन, टोनर, हेज, लामॉट, अ‍ॅडम्स. मग 'ऑपरेशन क्लायमॅक्स' नावाने शोध पुन्हा सुरू झाला. मे महिन्यात आधी शेली आणि काही दिवसांत रिप्सलिंगर, दोघेही वायव्येला, एकएकटे. ऑगस्टमध्ये वोराव्का. तो सगळ्यांच्या मागे, विमान पडलं त्या दिशेला होता. त्याचं पॅराशूट नीट उघडलं नव्हतं. जमिनीवर पोचला तेव्हाच सगळं संपलेलं होतं. बाकीचे आठ जण कित्येक दिवस तग धरून होते, तो त्या रात्रीच गेला. कुणाच्या वाट्याला बरं आलं हे ठरवायच्या फंदात मी पडत नाही.

राहिला व्हर्नन मूर. तो अधिकृतरीत्या आजही सापडलेला नाही. १९५३ मध्ये एका ब्रिटिश गस्ती पथकाला त्या भागात मानवी अवशेष दिसले होते आणि त्यांनी ते तिथेच पुरले होते. तेव्हा कुणी अमेरिकन हरवल्याचं त्यांना ठाऊकच नव्हतं. तो मूर असावा, असं पुढे मांडलं गेलं. सिद्ध झालेलं नाही.

चूक कुणाची? नॅव्हिगेटरची?

हेजवर सगळा ठपका टाकणं सोपं आहे, कारण तो उत्तर द्यायला नाही. पण धुळीच्या वादळात सुटलेलं विमान, रात्रीची परतीची वाट, नवखं पथक, पाठीशी वारा आणि वर केंद्राचं ते अर्धवट उत्तर. केंद्रातल्या माणसाने एकदा थोड्या वेळाने पुन्हा दिशा घेतली असती, किंवा विमानाने पुन्हा विचारलं असतं, तर काहीतरी बिनसलंय हे कदाचित ध्यानात आलं असतं. माझा कल तिकडे आहे : एका माणसाच्या हिशेबापेक्षा एकदाच विचारून समाधान मानण्याला दोष जास्त.

विमानाचे भाग बसवलेली दुसरी विमानं पडली म्हणे. शाप होता का?

विमानाचे काही सुटे भाग काढून दुसऱ्या विमानांना लावले होते, हे खरं. त्यांतल्या एका विमानाला प्रोपेलरचा त्रास झाला, एकाला समुद्रात उतरावं लागलं. आर्म रेस्ट बसवलेलं लष्कराचं ऑटर विमान सिद्राच्या आखातात पडून दहा जण गेले, आणि किनाऱ्याला लागलेल्या मोजक्या वस्तूंत तो आर्म रेस्ट होता, असं सांगतात. ऑटर पडलं ही खरी दुर्घटना आहे. पण हाताखालच्या दांडीमुळे विमान पडत नाही. त्या दहा जणांनाही घरं होती. त्यांना या गोष्टीची फोडणी बनवू नये, एवढंच म्हणेन.

महाराष्ट्राशी याचा काही संबंध?

थेट नाही. ओढूनताणून जोडणारही नाही. पण हे विमान शेवटी जिथे नेऊन ठेवलं ते लिबियाच्या किनाऱ्यावरचं टोब्रुक. हे नाव सातारा-कोल्हापूरकडच्या काही घरांना चांगलं माहीत आहे. जून १९४२ मध्ये टोब्रुक पडलं तेव्हा मराठा लाइट इन्फन्ट्रीची दुसरी पलटण तिथे लढत होती आणि तिच्यातले पुष्कळ जवान युद्धकैदी झाले. 'लेडी बी गुड' उडालं त्याच्या जेमतेम नऊ-दहा महिने आधीची ही गोष्ट. तोच मुलूख.

आज विमान कुठे आहे? बघता येतं का?

वाळवंटात ते छत्तीस वर्षं लोकांच्या डोळ्यांदेखत पडून होतं. येणाऱ्या-जाणाऱ्याने आठवण म्हणून एकेक भाग उचलला. ऑगस्ट १९९४ मध्ये लिबियाच्या पुरातत्त्व खात्याने उरलेले अवशेष गोळा करून टोब्रुकजवळच्या लष्करी तळावर नेले. सहज जाऊन बघावं अशी ती जागा नाही.

अमेरिकेत मात्र काही वस्तू पाहता येतात. ओहायोतल्या डेटनच्या हवाई दल संग्रहालयात विमानातले भाग आणि पथकाच्या वस्तू आहेत. लिबियातल्या व्हीलस या तेव्हाच्या अमेरिकी तळावरच्या प्रार्थनाघरात या नऊ जणांच्या स्मरणार्थ रंगीत काचेची खिडकी बसवली होती. आणि मिशिगनमधल्या लेक लिंडन या छोट्या गावात विमानाचा एक प्रोपेलर ठेवला आहे. ते रेडिओवाल्या लामॉटचं गाव.